अटॅक लिहा, भाऊजी

यवतमाळ जिल्ह्यात, वणी-मारेगावच्या पट्ट्यातल्या एका गावात माझं औषधाचं दुकान आहे. गावाच्या भाषेत ‘मेडिकल’. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतो, मी रोज असतो, त्यामुळे दुखलं-खुपलं की माणसं आधी माझ्या काउंटरवर येतात. समोर पानठेला आहे आणि तिथून पन्नास पावलांवर भट्टी. आमच्याकडे सरकारमान्य देशीच्या दुकानालाही भट्टीच म्हणतात, तिथे गाळत काही नाहीत. गेली एकोणीस वर्षं त्या पन्नास पावलांतली ये-जा मी काउंटरवरून पाहतोय. त्या पावलांवर झिजलेली बरीच माणसं आता नाहीत. ती सगळी अटॅकने गेली.

म्हणजे तसं सांगितलं जातं. माझा चुलतभाऊ गेला तेव्हा कुठल्याशा अर्जावर मृत्यूचं कारण लिहायचं होतं. तेरवी होऊन आठवडा झालेला. वैनी दुकानात आली, कागद काउंटरवर ठेवला, पदर सावरला आणि इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, “अटॅक लिहा, भाऊजी.” मी लिहिलं. पेन माझंच होतं.

तो लॉकडाऊनचा काळ होता, मौतीला वीसच माणसं होती. तरी तिथेही ते वाक्य आलंच, जे आमच्याकडे अशा प्रत्येक मौतीत कोणीतरी तिरडी बांधता बांधता बोलतं: “त्यानंच पेली, थोच मेला. कोनाले काय बोलाचं?” बोलणारा दुष्ट नसतो. बहुतेकदा मेलेल्याच्या शेजारी बसून पिणाराच असतो. आणि वाक्य सरळ खोटंही नाही, म्हणून तर ते खोडता येत नाही. त्याच्या तोंडात कोणी जबरदस्तीने ओतली नव्हती. पहिला पव्वा त्याने स्वतःच्या पैशाने घेतला होता, वीसेक वर्षांपूर्वी, कापसाची गाडी विकून परत येताना. मी सोबत होतो.

पण त्या वाक्याच्या शेवटी जो प्रश्न आहे, ‘कोनाले काय बोलाचं’, तो प्रश्न नसून दार लावून घेणं आहे, असं मला अलीकडे वाटायला लागलंय. कसं, ते सांगायचं तर भाऊ कसा मेला ते आधी सांगावं लागेल.

25 मार्च 2020 ला देश बंद झाला, भट्टीही बंद झाली. भाऊ तेव्हा सकाळी उठल्या उठल्या घ्यायचा. घेतल्याशिवाय त्याला चहाचा कप धरता येत नव्हता. मोहाची आणायला कुणीतरी सायकलवर गेलं तर नाक्यावरून दांडे खाऊन परतलं. पहिल्या दिवशी त्याला दरदरून घाम फुटला. घरात मात्र आनंद. काकू म्हणाली, देवानं ऐकलं. दुसऱ्या रात्री झोप नाही. हात असे थरथरत होते की बशीतला चहा अर्धा धोतरावर. तिसऱ्या दिवशी तो पांघरुणावरच्या मुंग्या वेचायला लागला. एकही मुंगी नव्हती. तो चिमटीत धरून एकेक काढायचा आणि खाटेखाली टाकायचा, अगदी मन लावून, जसा कापसातला कचरा काढतात तसा. मग दोन वर्षांपूर्वी विकलेल्या बैलाला हाका मारायला लागला, उठून गोठ्याकडे पळायला लागला. तेव्हा घरच्यांनी त्याला कासऱ्याने खाटेला बांधला आणि मला बोलावलं.

मी पाहिलं. आता मेडिकलवाल्याला थोडं कळतं, हीच मोठी अडचण असते. मला एवढं माहीत होतं की दारू तुटली की असं होतं. ते जीवावर बेतू शकतं, हे मला माहीत नव्हतं. किंवा कुठेतरी वाचलेलं होतं आणि आठवून घ्यायची तसदी मी घेतली नाही. मी म्हणालो, “उतरून राह्यली. दोन दिवस कळ काढा, मंग सुटलीच समजा.” बी-कॉम्प्लेक्सची बाटली ठेवली आणि घरी आलो. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं होतं, आपसूक सुटतेय म्हणून. चौथ्या दिवशी पहाटे त्याला फिटचा झटका आला, पाठोपाठ दुसरा. गाडी यायच्या आत गेला.

डॉक्टरी शास्त्रात हे कोडं नाही. वर्षानुवर्षं रोज प्यालेल्या माणसाचा मेंदू दारू आहे हे गृहीत धरून स्वतःला ताणून बसलेला असतो. दारू एकदम काढून घेतली की तो ताण मोकाट सुटतो. पहिल्या दिवसात थरथर, दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दोन ते चार दिवसांत भ्रम: मुंग्या, साप, मेलेली माणसं, विकलेले बैल. आमच्याकडे या अवस्थेला ‘बाहेरचं’ म्हणतात आणि लिंबू उतरवतात. यावर औषधं आहेत, जुनी आहेत, महाग नाहीत, सरकारी रुग्णालयात असतात. ठरावीक गोळ्या किंवा इंजेक्शनं कमी-कमी करत द्यायची, सोबत थायमिन हे जीवनसत्त्व आणि सलाईन. वेळेत मिळालं तर बहुतेक जण वाचतात.

म्हणजे माझा भाऊ ज्या दिवशी मेला त्या दिवशी त्याने थेंबभर दारू घेतली नव्हती. आदल्या दिवशीही नाही, त्याच्या आदल्या दिवशीही नाही. तरी गावाच्या हिशेबात तो ‘पेऊन मेला’.

इथून माझा मुद्दा सुरू होतो. अशा मृत्यूची जबाबदारी मोजताना आपण नेहमी पहिल्या घोटापासून मोजतो. मी म्हणतो, उलटीकडून मोजून पाहा. मरण ज्या ज्या ठिकाणी टळू शकत होतं त्या प्रत्येक ठिकाणी थांबा आणि विचारा, इथे निर्णय कोणाच्या हातात होता? चौथ्या दिवशी भावाचे हात खाटेला बांधलेले होते. माझे मोकळे होते, खिशात फोन होता आणि 108 नंबर मला पाठ होता. तिसऱ्या दिवशीही तेच. मागे मागे जात वीस वर्षांपूर्वीच्या त्या कापसाच्या गाडीपर्यंत पोहोचलात तर तिथे मात्र त्याचा हात मोकळा सापडेल, मी नाकारत नाही. पण मधल्या वीस वर्षांत किती ठिकाणी दुसऱ्यांचे हात मोकळे होते, तेही मोजा की.

यावर वैनीच्या माहेरचे जे म्हणतील ते मला माहीत आहे, कारण ते त्यांनी म्हटलेलं आहे. त्याने तिचं डोरलं गहाण टाकलं. मुलीच्या शाळेच्या पैशाची दारू प्याला. तिच्यावर हात उचलला, एकदा नाही. त्याला आता बिचारा ठरवायचं का? नाही. या सगळ्याला तो जबाबदार होता आणि जिवंत असताना त्याला त्याचा जाब विचारायला हवा होता. पोलिसात द्यायला हवं होतं, आणि द्यायच्या वेळी आम्ही भाऊबंदांनीच “घरातली गोष्ट घरात” म्हणून वैनीला परत पाठवलं होतं. हा आमच्या भाऊबंदकीचा हिशेब आहे आणि तो मोठा आहे. पण त्याने दुसऱ्यांचं जे केलं त्याची जबाबदारी आणि त्याचं मरण या दोन वेगळ्या वह्या आहेत. मारझोडीची शिक्षा कायद्यात लिहिलेली आहे, ती झटका येऊन मरण्याची नाही. आपण मात्र दोन्ही वह्या एकत्र करतो आणि मरण हीच वसुली समजतो. गंमत अशी की जिवंतपणी जाब न विचारणारेच मेल्यावर हिशेब चुकता झाला असं सर्वात मोठ्याने सांगतात.

व्यसनी माणूस म्हणजे यंत्र, त्याला काहीच ठरवता येत नाही, असंही मी म्हणणार नाही. वीस वर्षांत त्याने चारदा सोडायचं ठरवलं होतं, एकदा तर आषाढीला माळ घालून आला होता. त्याच्यात ठरवायची ताकद नव्हती म्हणणं हा त्या चार वेळांचा अपमान होईल. पण त्या प्रत्येक वेळी तो दोन-तीन दिवस टिकला आणि मग थरथर सुरू झाली. आता मला कळतं की तो हरत होता ते ठरवण्यात नाही, त्या तिसऱ्या दिवसाला हरत होता. आणि तिसऱ्या दिवसासाठी जे लागतं ते त्याच्याकडे असण्याचं काही कारणच नव्हतं. ते आमच्यासारख्यांनी पुरवायचं होतं.

पुढच्या वर्षी, एप्रिल 2021 मध्ये, वणीत सात माणसं सॅनिटायझर पिऊन मेली. बातमी देशभर गेली. मजूर माणसं. निर्बंधांमुळे दारूची दुकानं बंद होती, त्यांनी जे मिळालं ते घेतलं. मोबाईलवर लोकांनी हसण्याचे इमोजी टाकले. एका शिकलेल्या माणसाने लिहिलं होतं, ‘निसर्गाची छाननी’. ते वाचून माझ्या अंगावर काटा आला, आणि तो नुसत्या माणुसकीपोटी नव्हता. त्या आठवड्यात मी माझ्या दुकानातल्या सॅनिटायझरच्या बाटल्या मोजल्या होत्या.

त्याचं असं की मार्च 2020 मध्ये केंद्राने सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंत घातलं, 200 मिलीला कमाल 100 रुपये दर लावला. इथवर ठीक. जुलै 2020 मध्ये मात्र ते विकायला औषधविक्रीचा परवाना लागणार नाही असं ठरलं. आम्ही औषधविक्रेते तेव्हा कुरकुरलो. कबूल करतो, त्यात धंद्याचं दुखणंही होतं. त्यानंतर सॅनिटायझर किराण्यात गेलं, मोबाईल रिचार्जच्या टपरीत गेलं, पानठेल्यावर तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पन्नीशेजारी लटकायला लागलं. कोणी बनवलं, आत काय आहे, विचारायची सोय नाही. देशी दारूत साधारण 43 टक्के अल्कोहोल असतं, चांगल्या सॅनिटायझरमध्ये 70-80. आणि चांगल्या नसलेल्यात मिथेनॉल असू शकतं, ज्याचं शरीरात फॉर्मिक ॲसिड होतं, आधी डोळे जातात, मग माणूस. 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं अशाच मिथेनॉलने गेली होती.

आता त्या सातांचं मरण उलटीकडून मोजा. पिणाऱ्याने घोट घेतला, हे आहेच. त्याआधी कोणीतरी बाटल्या विकल्या. त्याआधी परवान्याची अट कोणीतरी काढली. त्याआधी दारूची दुकानं बंद करण्याचा आदेश निघाला, आणि जिल्ह्यात अशी किती माणसं आहेत जी चौथ्या दिवशी भ्रमात जातील, त्यांच्यासाठी दवाखान्यात काय तयारी आहे, हे आदेश काढताना कोणी विचारलं नाही. ही गोष्ट कोणाला सुचण्यासारखीच नव्हती, असंही म्हणता येत नाही. आदल्या वर्षी, मार्च 2020 च्या अखेरीस, केरळ सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला होता, कारण दारू तुटल्याने तिथे आत्महत्या होऊ लागल्या होत्या. डॉक्टरांच्या संघटनेने विरोध केला, उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. उपाय चुकीचा असेल. चिठ्ठीवर दारू देण्यापेक्षा चिठ्ठीवर औषध देणं केव्हाही बरं. पण निदान तिथे तो प्रश्न सरकारी टेबलावर आला होता. आमच्याकडे तो आला तो थेट शवविच्छेदनाच्या टेबलावर.

माझ्या दुकानातून त्या महिन्यात एकाच माणसाने आठवड्यात तीनदा बाटली नेली होती. दोनदा मी दिली. तिसऱ्यांदा विचारलं, “इतकं हात धुवून काय करून राह्यला बे?” तो हसला, मीही हसलो आणि दिली. तो जिवंत आहे, ट्रॅक्टर चालवतो. नसता, तर मीही तिरडी बांधता बांधता तेच वाक्य म्हणालो असतो.

वणीच्या माणसाला जबाबदारीचा आणखी एक धडा नदीने दिला आहे. आमच्या आणि चंद्रपूर जिल्ह्याच्या मध्ये वर्धा नदी, तिच्यावर पाटाळ्याचा पूल. 1 एप्रिल 2015 पासून पलीकडे दारूबंदी. त्या सहा वर्षांत वणीच्या दुकानांचा धंदा असा वाढला की विचारू नका. संध्याकाळी पुलावरून येणाऱ्या गाड्यांची रांग. तीच बाटली अलीकडे घेतली की ग्राहक, पूल ओलांडला की आरोपी. अलीकडे महसूल, पलीकडे गुन्हा. वणीतली सात माणसं मेली त्यानंतर महिनाभराने, 27 मे 2021 ला, मंत्रिमंडळाने चंद्रपूरची बंदी उठवली. दारूबंदी असावी की नसावी या वादात मी इथे शिरत नाही. पलीकडच्या बायांनी चिमूरहून नागपूरला पायी मोर्चा नेऊन ती मिळवली होती, त्यांना घरात बसून उपदेश करायची माझी पात्रता नाही. मला एवढंच दिसतं की बंदी लावताना आणि उठवतानाही, आधीपासून पिणाऱ्याचं काय करायचं हा मुद्दा शेवटच्या परिच्छेदात असतो.

तरी राज्याचं या माणसाशी नातं जुनं आणि मजेशीर आहे. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारू पिणं गुन्हा आहे. एका दिवसाचा परवाना देशीला दोन रुपये, विदेशीला पाच. आणि तो कशासाठी दिला जातो? आरोग्य राखण्यासाठी! भट्टीवरच्या एकाने तरी तो कागद पाहिलाय का, विचारून बघा. या आरोग्यातून सरकारला वर्षाला 20 हजार कोटींहून अधिक उत्पादन शुल्क मिळतं. जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने शुल्क आणखी वाढवलं, तेव्हा 14 हजार कोटींची भर पडेल असा अंदाज सांगितला गेला. म्हणजे हा माणूस आणखी पिईल किंवा महाग पिईल, हे राज्याने अंदाजपत्रकात धरलेलं आहे.

तोच माणूस मेला की सूर बदलतो. शेतकऱ्यांसाठीच्या अपघात अनुदान योजनेत साप चावला तर दोन लाख मिळतात, वीज पडली, विहिरीत पडला तरी मिळतात. पण अपवादांच्या यादीत ‘अमली पदार्थांच्या अंमलाखाली असताना झालेला अपघात’ आहे, आणि ‘भ्रमिष्टपणा’ही आहे. ज्याने वीस वर्षं शुल्क भरलं त्याच्या बायकोला त्या शुल्कातून काही नाही. शेतकरी आत्महत्येच्या चौकशीतही हेच. एक लाखाच्या मदतीसाठी नावावर जमीन हवी, थकीत कर्ज हवं, वसुलीचा तगादा हवा; आणि चौकशी अहवालात ‘मयतास दारूचे व्यसन होते’ हे वाक्य आलं की प्रकरण अपात्रकडे कलतं. कर्ज होतं म्हणून प्याला की प्याला म्हणून कर्ज झालं, हे उलगडायला तलाठ्याकडे वेळ नसतो. वैनीने “अटॅक लिहा” म्हटलं ते लाजेने म्हटलं, असं मी कित्येक दिवस समजत होतो. तिला व्यवहार माझ्यापेक्षा जास्त कळत होता.

या अटॅकचा एक तोटा असा की आमच्या तालुक्यात दारूने कोणी मरतच नाही. कागदावर नाही. मग तहसीलच्या सभेत कोणी व्यसनमुक्तीच्या खाटा मागितल्या, तर आकडे कुठून आणायचे?

जबाबदारी पिणाऱ्याची, हे वाक्य सर्वात जास्त कोणाच्या सोयीचं आहे तेही बघावं. अमेरिकेत 1996 साली एका कंपनीने ऑक्सिकॉन्टिन नावाची अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी आणली, सवय लागण्याचा धोका कमी असं डॉक्टरांना सांगत खपवली. माणसं मरायला लागली. 2001 मध्ये कंपनीच्या मालक कुटुंबातल्या प्रमुखाने ई-मेलमध्ये लिहिलं की गैरवापर करणाऱ्यांना सर्व बाजूंनी ठोका, गुन्हेगार तेच आहेत. हे पुढे कोर्टाच्या कागदपत्रांत बाहेर आलं. कंपनीने 2007 मध्ये आणि पुन्हा 2020 मध्ये गुन्हा कबूल केला. तोवर तिथे अंमली पदार्थांच्या अतिसेवनाने मरणाऱ्यांचा आकडा वर्षाला एक लाखाकडे निघाला होता, 2021 मध्ये तो ओलांडलाही. आम्हा यवतमाळकरांना हा सूर ओळखीचा आहे. 2017 च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-मजूर विषबाधेने गेले, शेकडो दवाखान्यात पडले. तेव्हाही पहिलं उत्तर आलं ते असं: यांनी हातमोजे घातले नाहीत, मास्क लावला नाही, वाऱ्याच्या उलट दिशेने फवारलं. असेलही. डोक्याएवढ्या कपाशीत, सप्टेंबरच्या उमसत्या उन्हात, पाठीवर पंप घेऊन प्लास्टिकचा कोट घालून कोणी तासभर उभं राहून दाखवावं. फवारून मेला तर मास्क नव्हता म्हणून, पिऊन मेला तर प्याला म्हणून. विकणारा दोन्हीकडे नामानिराळा.

त्याच अमेरिकेने केलेली एक गोष्ट मला इथे हवीहवीशी वाटते. तिथल्या राज्यांनी, 2007 मध्ये न्यू मेक्सिकोपासून सुरुवात करून, असे कायदे केले की अतिसेवनाने कोणी बेशुद्ध पडला आणि सोबत्याने मदतीला फोन केला, तर नशा केल्याबद्दल फोन करणाऱ्यावर किंवा पडलेल्यावर खटला भरायचा नाही. सगळीकडे सारखे नाहीत, त्रुटी आहेत. पण कायदा करणाऱ्यांना इतकं कळलं की दोषाची भीती माणसाला दवाखान्यापासून लांब ठेवते, आणि त्या तासाभरातच तो मरतो. आमच्याही अंमली पदार्थांच्या कायद्यात, कलम 64अ मध्ये, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट आहे. आमच्या ठाण्यात किती जणांना हे कलम पाठ आहे, मला शंका आहे. गावात तर त्याचं नावही कोणी ऐकलेलं नाही.

गावाच्या हातात काहीच नाही असं नाही. बायांना उभी बाटली-आडवी बाटलीचं मतदान घेता येतं. पण त्यातली मेख बघा: दुकान बंद व्हायला मतदान केलेल्यांच्या नाही, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. जी वेचणीला दुसऱ्या तालुक्यात गेली, जी लेकीच्या बाळंतपणाला गेली, जी मेली पण यादीत राहिली, त्या सगळ्या उभ्या बाटलीकडे मोजल्या जातात. न बोलणाऱ्याचं मत विकणाऱ्याला जातं. मला हा नियम आवडत नाही, पण गावाचं वर्णन म्हणून तो फार अचूक आहे.

आणि उपचार? 2019 मध्ये केंद्र सरकारने एम्सकडून करवून घेतलेल्या पाहणीत निघालं होतं की देशात दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांपैकी एकाला कुठलातरी उपचार मिळतो. उरलेल्या सदतीस जणांना आपण इच्छाशक्ती वाढवायला सांगतो. एखाद्याला मधुमेह झाला तर तो त्याच्या खाण्याने झाला हे माहीत असूनही मी त्याला गोळ्या देतो, साखर तपासायला पाठवतो, त्याच्या पायाची जखम पाहतो. काउंटरवर मी कधी कोणाला म्हटलं नाही की जिलेबी तूच खाल्ली, आता तूच भोग.

आता दुकानात एक बदल केलाय. कोणी दोन-तीन दिवस दारू तुटलेला, थरथरणारा आला तर त्याला स्टुलावर बसवतो आणि रुग्णालयात पाठवतो. बी-कॉम्प्लेक्स देऊन घरी नाही. जमलं तर सोबत जातो. नव्या पोरांचं वेगळंच आहे, ती झोपेच्या गोळ्या आणि खोकल्याची बाटली चिठ्ठीशिवाय मागतात, वरून दारू घेतात. त्यात झोपेतच श्वास थांबू शकतो हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. मी देत नाही, आणि का देत नाही ते सांगतो. ती दुसरीकडे जातात, हेही मला दिसतं.

मागच्या पोळ्यानंतर एक जण असाच आला. तिसरा दिवस होता. शर्टाची बटणं लावता येत नव्हती, बायकोने लावली होती, एक वर एक खाली. मी 108 ला फोन लावला. तो स्टुलावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेला. फोन ठेवल्यावर मला म्हणाला, “भाऊ, पोलीस तं नाही येनार ना? माह्याकडं परवाना नाही.”

मी नाही म्हणालो. बायको म्हणाली, “आन् तिथं काय लिहितीन?”

“खरं ते,” मी म्हणालो. ती काही बोलली नाही. गाडी यायला पस्तीस मिनिटं लागली, तोवर तिने त्याची बटणं उघडून पुन्हा नीट लावली.